नवऱ्याच्या नावाची हाक

रोज सकाळी कामाला निघण्याआधी मी भिंतीकडे तोंड करून मंगळसूत्र काढायचे. सासूबाईंच्या देखत काढायची हिंमत नव्हती. त्या विधवा. त्यांच्या मोकळ्या गळ्याकडे बघत आपला गळा मोकळा करायचा म्हणजे देवाला नको ते सुचवल्यासारखं झालं. काढलेलं मंगळसूत्र मी देवीच्या तसबिरीला घालायचे, म्हणजे दिवसभर ते कुणाच्या तरी गळ्यात राहील. युक्ती सासूबाईंचीच. पहिल्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं, "माझो गळो बघ गो. तुझो असो होवक नको. देवीक सांग, सांजपर्यंत सांभाळ म्हणान."

देवीला मी सांगायचे. पण खरं सांगायचं तर मला देवीपेक्षा साहेबाची जास्त भीती होती.

एकोणीसशे साठच्या पुढची ती वर्षं. घाटकोपरला टेकडीखालच्या चाळीत आमची एक खोली, आणि मी अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या दिव्यासमोर धरायच्या, आत कण, केस, काही तरंगतंय का बघायचं, आणि चांगल्या निघतील त्या खोक्यात भरायच्या. या कामाला साहेबलोकांना पोरीच हव्या असत. पोरींचे डोळे तेज, बोटं हलकी, आणि पोरी उलट बोलत नाहीत. पण पोरी म्हणजे पोरीच. बायका नकोत. नेमणुकीच्या कागदात इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ सगळ्याजणींना पाठ होता: लग्न झालं की नोकरी संपली. कारण काय, तर बायकांना मुलं होतात, त्या रजा मागतात, त्यांचं लक्ष घरी असतं. त्याच कारखान्यात एखाद्या पुरुषाचं लग्न झालं की साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून पेढे खायचे. ह्यातला न्याय मला तेव्हाही कळला नाही, आजही कळत नाही.

माझं लग्न मे महिन्यात, रजा घेऊन, मालवणकडे गावी झालं. मुंबईत कुणाला पत्रिका नाही. परत यायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी साबण लावून माझा हिरवा चुडा एकेक बांगडी सरकवत उतरवला. एकही वाढू दिली नाही. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि नव्या नवरीची वाढणं म्हणजे तर घरभर रडारड. पायातली जोडवी काढली तर बोटावर पांढरट वळ उरला. पॅकिंग खात्यात चपला बाहेर ठेवून आत जावं लागे, म्हणजे पाय सगळ्यांना दिसणार. मग चहाचा चोथा चोळचोळून त्या वळाला काळं केलं. हसायला येतं ना? तेव्हा आम्ही दोघी हसलो नव्हतो. सासूबाईंचे हात माझ्या पायावर होते आणि त्या चोळायच्या थांबत नव्हत्या.

कुणी म्हणेल, एवढी भीती होती तर नोकरी सोडायची. सोडून खायचं काय? नवरा पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या यंत्रावर, बदली कामगार. कुणी गैरहजर राहिला तर ह्यांना काम, नाहीतर गेटवरून परत. महिन्याच्या महिन्याला हमखास येणारा पगार घरात एकच, माझा. त्याच्यावर खोली टिकली होती, चूल पेटत होती, आणि माझी नणंद शाळेत जात होती. चुणचुणीत पोर. गणितात वर्गात पहिली यायची. चाळीतली एक बाई कॉलनीत भांडी घासायला जायची, ती सारखी सासूबाईंच्या मागे लागलेली, की पोरीला माझ्याबरोबर पाठव, चार घरं लगेच मिळवून देते. सासूबाई तिला चहा पाजून वाटेला लावत. पण ती गेली की माझ्याकडे वळून म्हणत, "तुझी नोकरी गेली तर ह्या चेडवाची शाळा गेली समज." मी स्वतः सातवीतून घरी बसले होते. शाळा सुटलेल्या पोरीचं पुढे काय होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी गेटवर एक बाई आमची झडती घ्यायची. कुप्या चोरल्यात का बघायला, असं म्हणत. गळ्यावरून, पोलक्यावरून हात फिरवायची. म्हणून मंगळसूत्र आत लपवून आणायचीही सोय नव्हती. आदल्या वर्षी एकीच्या पोलक्याच्या हुकात एक काळा मणी अडकलेला सापडला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिची खुर्ची रिकामी. पुढे कित्येक दिवस आम्ही सगळ्याजणी सारख्या आपापल्या हुकांना हात लावून बघत होतो.

एवढं सगळं सांभाळलं, आणि पकडली गेले ती भलत्याच गोष्टीवरून.

आमच्या खात्यात एक शिपाई होता. आमच्याच वयाचा, साताऱ्याकडचा, जरा आळशी. लेबलं आणायची, भरलेली खोकी न्यायची, हे त्याचं काम. खात्यात दिवसभर त्याच्या नावाचा पुकारा चालायचा. कुणीही उठायचं आणि ओरडायचं, अरे अमक्या, लेबलं आण रे! आणि नशीब बघा, त्याचं नाव आणि माझ्या नवऱ्याचं नाव एकच. नाव काय ते इथे लिहीत नाही. कोकणात, घाटावर, वाडीवाडीत सापडेल असं साधं नाव.

बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे मी आईच्या मांडीवर शिकले होते. लग्नात उखाण्यात घेतात, ते चालतं. ते देवापुढे आणि यमक जुळवून घेतलेलं असतं. नुसती हाक मात्र मारायची नाही. सासूबाईंचा नवरा जाऊन वर्षं झाली होती, तरी आरतीत सासऱ्यांच्या नावाचा शब्द आला की त्या ओठ मिटून नुसत्या टाळ्या वाजवत. मग मी त्या शिपायाला हाक कशी मारणार? नाव दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं, तोंडातून अक्षरं तीच बाहेर पडणार. मी त्याला भाऊ म्हणायला लागले. आणि नवऱ्याच्या नावाच्या माणसाला आपण भाऊ म्हणतोय हे लक्षात आल्यावर तेही म्हणवेना. मग मी स्वतःच उठून लेबलं आणायचे. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येतंय?

आमच्यावर देखरेखीला एक बाई होत्या. चाळिशीच्या, गिरगावातून येणाऱ्या, बिनलग्नाच्या, कडक. त्यांनी मला एक दिवस मोरीपाशी गाठलं.

"काय गं, मेपर्यंत तू त्याला नावाने हाक मारायचीस. आता उठून जातेस. मे महिन्यात काय झालं?"

मी तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला. "थांब. मला काही सांगू नकोस. तू सांगितलंस तर मला वर सांगावं लागेल. मी फक्त बोलते, तू ऐक. आधीच्या साहेबाला गळ्यातला गोफ कुठला आणि मंगळसूत्र कुठलं ते कळत नव्हतं. नवीन आलेत ते पुण्याचे आहेत. ते गळा बघणार नाहीत. त्यांच्या घरी आई आहे, बायको आहे, त्यांना आपल्यातलं सगळं ठाऊक आहे. सोमवारी ते खात्यात येणार. त्यांच्यासमोर तू उठून लेबलं आणायला गेलीस, की संपलंच."

"बाई, पण..."

"पण नाही. हाक मारायची. मोठ्याने."

त्या निघून गेल्या. मी नळ सोडून तशीच उभी राहिले. बाई माझ्या बाजूच्या होत्या हे मला कळलं, पण धीर काही आला नाही. उलट वाटलं, ह्यांना कळलं तर आणखी कुणाकुणाला कळलं असेल! त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरची पोर मला म्हणाली, "काय झालं गं? तोंड कसलं झालंय तुझं!" ती बोरिवलीची, अबोल. दोघी एका डब्यात जेवायचो. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगायचं नाही, हा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला होता.

घरी ह्यांना सांगितलं. रविवारी आम्ही दोघं सासूबाईंना काहीतरी निमित्त सांगून चाळीमागच्या टेकडीवर गेलो. हे लांब एका दगडापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हां, मार हाक."

मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर निघे आणि पुढे घशातच विरून जाई. खाली चाळीतल्या बायका वाळवण घालत होत्या, त्यांना ऐकू जाईल असं मी कारण काढलं. हे हसत हसत परत आले. "घे की गं! नोकरी जाण्यापेक्षा नाव घेतलेलं परवडलं. मी काय लगेच मरतो?"

मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं असेल! आम्ही उतरायला लागलो. अर्ध्या वाटेवर हे थांबले, चप्पल झटकल्यासारखं केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी मी मोठ्या प्रेसवर आहे."

एवढंच. त्या मोठ्या प्रेसवर मागच्या गणपतीत एकाची तीन बोटं गेली होती. 

सोमवार उजाडला. हे नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघाले. मी रोज दारात उभी राहून त्यांना "या" म्हणायचे, त्या दिवशी ते दोनदा म्हटलं गेलं. मग भिंतीकडे वळले, गळा मोकळा केला, आणि देवीला नेहमीचं काही न सांगता नुसतीच उभी राहिले. काय मागायचं ते कळेना. नोकरी मागावी तर नाव घ्यावं लागणार, नवऱ्याचा जीव मागावा तर नोकरी जाणार, आणि दोन्ही मागायची माझी छाती नव्हती.

साहेब जेवणाच्या सुट्टीआधी आले. गोरे, चष्मा, अतिशय गोड बोलणं. प्रत्येकीला "अहो" म्हणत होते. कसं वाटतं काम? कुठून येता? घरी कोण कोण असतं? पोरी आई-वडिलांची नावं घेत होत्या. माझ्यासमोर ते उभे राहिले तेव्हा माझ्या बोटात कुपी होती आणि ती दिव्यासमोर अशी हलत होती, की आतलं पाणी उसळत होतं. बाई मागून कोरड्या आवाजात म्हणाल्या, "लेबलं संपली ना तुझी? बोलाव त्याला."

मी हाक मारली.

किती मोठ्याने ते मला माहीत नाही. सगळ्या माना वळल्या. शिपाई बिचारा पलीकडच्या टोकाहून धावत आला, "काय झालं? काय झालं?" करत. मी म्हटलं, "लेबलं." तो माझ्याकडे बघतच राहिला. साहेबांनी मान डोलावली, माझ्या खोक्यातल्या कुप्या बघून "छान" म्हणाले, आणि पुढे सरकले. माझे कान बंद झाले होते. डोळ्यांपुढे प्रेस वर जाताना दिसत होता, खाली येताना दिसत होता.

साहेब शेजारच्या पोरीपाशी थांबले. तिची खोकी भरलेली होती. ते म्हणाले, "वा! हा माल आता जाऊ दे गाडीत. खिडकीतून ड्रायव्हरला बोलवा बघू."

ती खिडकीशी गेली. "ओ ड्रायव्हर!"

"अहो, खाली तीन ड्रायव्हर आहेत. तुमच्या खात्याच्या ड्रायव्हरला बोलवा. नावाने."

ती खिडकीतून परत वळली. मी तिच्याकडे बघितलं. तिने एप्रनची कड मुठीत धरली होती. मान खाली गेली, कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि एवढ्या भीतीतही, काय सांगू, तिच्या ओठांवर हसू आलं. नव्या नवरीला नाव घ्यायला सांगितलं की येतं ना, तसंच. ते तिला आवरता आलं नाही. कुणाला आवरतं? मला आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं, घे गं, घेऊन टाक, काही होत नाही! पण काही होत नाही हे मला तरी कुठे ठाऊक होतं? ते तर घरी गेल्यावर कळणार होतं.

साहेब हसले. खरंच मनापासून हसल्यासारखे हसले. "अभिनंदन," ते म्हणाले. "कधी झालं?"

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. सुट्टीनंतर तिला वर बोलावलं, आणि ती खाली आली ती पिशवी घ्यायलाच. मला म्हणाली, "तुला सांगणारच होते गं. ड्रायव्हरचं नाव तेच आमच्या ह्यांचं." बस, एवढंच. माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं की मीपण, मीपण! पण साहेब जिन्यात उभे होते.

संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मी चालले नाही, पळाले. खोलीत हे नव्हते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, नणंद अभ्यास करत होती. मी मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि उंबऱ्यात बसले. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "काय झाला गो?" मी म्हटलं, पोट दुखतंय. बाकीच्या खोल्यांतले पुरुष एकेक करून घरी येत होते. प्रत्येकाच्या पावलाला मी उठत होते. शेवटी हे वळणावर दिसले. तेव्हाही जिवात जीव आला नाही, कारण हात पिशवीमागे होते. दारापाशी आल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही पंजे उघडून माझ्यासमोर धरले.

सगळी बोटं जागच्या जागी.

"हात कित्याक दाखवतंस रे?" सासूबाई आतून म्हणाल्या. "धुवूचे आसत," हे म्हणाले, आणि मोरीकडे गेले. मी पदरात तोंड घालून रडले. सासूबाईंना पोटदुखी खरी वाटली, त्यांनी ओवा दिला.

माझी नोकरी राहिली. पुढे काही वर्षांनी नवीन पोरींच्या कागदावर ती ओळ येईनाशी झाली. कुठेतरी कोर्टात असल्या नियमांविरुद्ध निकाल झाला म्हणे. आम्हाला कुणी बोलावून सांगितलं नाही. एक दिवस कुणीतरी मंगळसूत्र घालून आलं, कुणी काही म्हटलं नाही, मग आम्हीही घातलं. माझी नणंद मॅट्रिक झाली, टेलिफोनमध्ये लागली, तिने धाकट्या चुलतभावंडांना गावाहून आणून शिकवलं. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत गेलो. त्या काळात गरिबी हटवायची भाषणं लाऊडस्पीकरवरून सारखी ऐकू यायची. मी खिडकी लावून घ्यायचे. आमची गरिबी कशी हटली ते मला माहीत होतं. एका बाईचा पगार कुणी काढून घेतला नाही, म्हणून हटली. आणि बोरिवलीच्या एका घरात तो काढून घेतला, म्हणून तिथे ती मुक्कामाला राहिली.

हे मला सत्तरच्या दशकाच्या अखेरीला कळलं. बाई निवृत्त होऊन त्यांच्या जागी मी देखरेखीला आले होते. पॅकिंगला पोरी घ्यायच्या होत्या. एक बाई मुलीला घेऊन दारात उभी. हाडं वर आलेली, हात साबणसोड्याने खाल्लेले. मी ओळखलं नाही. तिनेच सांगितलं, "मी तुझ्या शेजारी बसायचे." नोकरी गेल्यावर भांडी धरली, ती सुटली नाहीत. तिच्या धाकट्या भावाची शाळा त्याच वर्षी सुटली, तो हमालीला लागला. मुलीला मात्र तिने कसंबसं दहावीपर्यंत ओढत आणलं होतं. "हिला घे गं," ती म्हणाली. "हिचे डोळे चांगले आहेत."

मी मुलीला पुढे बोलावलं. लग्नाचं विचारायचं नाही, हे मी खुर्चीवर बसले त्याच दिवशी ठरवलं होतं. "तुझं नाव सांग," म्हटलं.

पोरीने खणखणीत आवाजात पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

मधलं नाव ऐकून तिची आई दचकली. हात चौकटीवर गेला, मान खाली गेली. इतक्या वर्षांनंतरही. पोरीला काही कळलं नाही, ती माझ्याकडे बघत उभी होती, नोकरी मिळणार की नाही ह्याची वाट बघत.

मी तिला उद्यापासून ये म्हटलं. तिच्या आईकडे बघून हसावं असं वाटलं, पण हसले नाही. मी कुठे मोठी धीट लागून गेले आहे? आता मी ह्यांना नावानेच हाक मारते, चारचौघांत मारते, सुना हसतात. पण मारायच्या आधी मी अजून बघून घेते, हे घरात आहेत ना, आणि हात धड आहेत ना.